अठ्ठावन्न सालचं रजिस्टर

खंडेराव भाऊसाहेबांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि शाळेच्या हेडक्लार्कनं तो ठेवूही नये असं त्यांचं ठाम मत होतं. बावीस वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या मेहुण्यानं ‘जरा बघतो’ म्हणत जनरल रजिस्टर उघडलं आणि जन्मतारखेतल्या तिनाचा आठ करून ठेवला. चौकशी लागली, तेव्हाचे हेडक्लार्क घरी बसले. तेव्हापासून रजिस्टर दाखवण्याआधी खंडेराव समोरच्याच्या खिशातलं पेन काढून घेत. हेडमास्तरांचंसुद्धा.

२००४ साली शाळेला शंभर वर्षं होत होती. शाळेचा इतिहास लिहायचं काम ललित सरांकडे आलं. सर इतिहासाचेच, बोलायला गोड, म्हणजे खंडेरावांच्या मते जास्तच धोक्याचे. त्यांनी जुने फोटो नेले, चौसष्ट सालचा हीरकमहोत्सवी अंक नेला, इथवर ठीक होतं. मग एके दिवशी म्हणाले, “भाऊसाहेब, अठ्ठावन्न सालचं जनरल रजिस्टर बघायचं होतं.”

“फक्त अठ्ठावन्न?”

“हो. त्या वर्षी शाळेत पहिल्यांदा मुली आल्या ना. अंकात सहा नावं आहेत. खात्री करून घ्यावी म्हटलं.”

शंभर वर्षांचा इतिहास, आणि माणसाला हवं एकच वर्ष! खंडेरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कपाटाची किल्ली सापडत नाही, असं त्यांनी ठोकून दिलं. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. पुढच्या आठवड्यात कपाटाला वाळवीचं औषध मारलेलं निघालं. तिसऱ्या खेपेला सर अगदी हळू आवाजात म्हणाले, “सोमवारी मजकूर छापखान्यात जातोय. पाचच मिनिटं द्या. हवं तर तुम्ही समोर बसा.” त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सहा मुलींची नावं बघायला कुणाला घाम फुटतो होय?

शनिवारी शाळा सुटल्यावर खंडेरावांनी ते रजिस्टर स्वतःच काढलं आणि भिंग घेऊन एकेक ओळ तपासली. मुली मोजल्या. सहा झाल्या, आणि मग सातवी निघाली. सरूबाई गोटीराम विधाते, राहणार मखमलाबाद. प्रवेश जून, नाव कमी नोव्हेंबर. शाळा सोडण्याचं कारण : लग्न.

ललित सरांचं सर्व्हिस बुक खंडेरावांच्याच ताब्यात होतं. त्यात वारस म्हणून आईचं नाव होतं सरूबाई. सरांचं आजोळ मखमलाबाद, हेही सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. चोर सापडला! सर अजून शिक्षकांच्या खोलीत होते. खंडेरावांनी त्यांना बोलावून घेतलं.

“या. आईचं वय वाढवून कुठल्या योजनेत बसवायचं होतं?”

सरांनी ती ओळ दोनदा वाचली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ही नंतर कुणी घातलेली नाही ना?”

खंडेरावांचा पारा चढला. “माझ्या रजिस्टरात? शाई बघा, अक्षर बघा, वरचा-खालचा नंबर बघा!”

सर खुर्चीत बसले. “आई पहिल्यापासून सांगायची, मी हायस्कुलात होते, आम्ही सात जणी होतो. वडील हसायचे, काका हसायचे. भाऊसाहेब, मीही हसायचो. आता पुस्तकाचं कळल्यावर म्हणाली, माझं नाव घाल. मी त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा जुना फोटो तिच्यापुढे धरला. म्हटलं, मोज, सहाच आहेत. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.”

“स्नेहसंमेलन जानेवारीत असतं, सर. त्यांचं लग्न तोवर झालं होतं.”

संशय घेण्यात खंडेराव स्वतःला उस्ताद समजत. पण सख्ख्या आईवर संशय घ्यायचं त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. आणि आपण तीन आठवडे किल्ली कमरेला लावून बसलो, याची त्यांना भारी लाज वाटली. रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नव्हतं.

“आईंना इथं घेऊन या,” ते म्हणाले. “आत्ताच. मी थांबतो.”

सरूबाई शेतातली फुलं विकायला फुलबाजारात बसत; तिथून त्या तशाच आल्या, झेंडू तोडून तोडून हिरवी-काळी झालेली बोटं पदराला पुसत. खंडेरावांनी खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. सरांनी ओळीवर बोट ठेवलं. “आई, चुकलं माझं.”

त्या वाकल्या. ओठ हलवत त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग रजिस्टर लेकाकडे सरकवलं.

“वाच.”

“तू वाचलंस ना आत्ता?”

“मला येतं वाचता. तुझा बाप आन् काका लय मोठ्यानं हसायचे. तू तेवढ्याच मोठ्यानं वाच.”

सर वाचू लागले. नाव झालं, गाव झालं, तारखा झाल्या. ‘शाळा सोडण्याचं कारण’ या शेवटच्या रकान्याशी ते थांबले.

“थांबू नको,” सरूबाई म्हणाल्या. “ते बी वाच.”