तलवारींच्या शेजारचा किरकोळ कप्पा

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. मला लाकूड नाही, बिजागरी नाही आणि झुरळंही नाहीत. एका व्हिडिओ गेममधल्या वीराच्या पिशवीत मी राहतो. वीर राक्षस मारतो, नाव कमावतो. मी बशा सांभाळतो.

माझा जन्म एका कार्यालयात झाला. तिथले पडदे दिवसाही ओढलेले असत. गेम बनवणाऱ्या ताईंनी पिशवीत कप्पे पाडायला घेतले, तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले, "कप्पे कशाला? एकच पिशवी द्या. लोक शोधतील."

"साहेब, राक्षस अंगावर आलाय, रक्त चाललंय, औषधासाठी हात घातला आणि हाती चिमटा आला, तर?"

"मरेल."

"पैसे देऊन मरेल, साहेब."

साहेबांना पटलं. कप्पा म्हणजे दुसरं काय असतं, मित्रांनो? घाईच्या वेळी जो विचार करायला सवड नसते, तो आधीच करून ठेवायचा. हत्यारांचा कप्पा झाला, चिलखतांचा झाला, औषधांचा झाला. मग कामगिरीचा झाला. त्यात राजाची अंगठी, गुहेची किल्ली, म्हणजे ज्यांच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही असल्या बड्या वस्तू. त्या विकता येत नाहीत की फेकता येत नाहीत. वीराला वेड लागलं तरी गेम त्याचा हात धरतो.

आणि यातलं काहीच नसेल ते माझ्यात. ताईंनी माझं नाव 'किरकोळ' ठेवलं आणि त्या चहाला गेल्या. जाण्याआधी माझ्या तळाशी त्यांनी एक बटण बसवलं: 'सगळं विका'. दुसऱ्या कुठल्याही कप्प्याला असं बटण नाही. बाळाला पाळण्यात घालावं आणि पाळण्याला खाली झडप ठेवावी, तसं माझं बारसं झालं.

पुढे मी एका घरी पोचलो. तिथला दादा आजारी होता. अंथरुणातून फारसा उठत नसे. त्याच्या हेडफोनला माइक होता, त्यामुळे मला घर ऐकू यायचं. त्याचा खोकला, गोळ्यांच्या पाकिटाची करकर, आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण. तिलाही खेळायचं होतं. दादा म्हणाला, "छोटे, लढायचं मी. तू फक्त उचलायचं."

तेव्हापासून तिच्या वाट्याला एकच बटण आलं. पण तिने त्या बटणाचं सोनं केलं. दिसेल ते उचललं.

"हे काय उचललंस?"

"बशी."

"फुटकी आहे ती."

"अर्धी चांगली आहे."

"आणि तिचं करू काय? राक्षसाला दाखवू?"

"जेवायला बोलाव त्याला. हात धुवून ये म्हणावं."

मित्रांनो, पिशवीला वजनाची मर्यादा असते. ओझं वाढलं की वीराला पळता येत नाही, तो लंगडत चालतो. माझ्यात बशा, वाकडे चमचे, बूड गेलेली पातेली अशी रास लागली. दादाने एक चांगलं चिलखत विकलं, पण बशीला हात लावला नाही. लंगडत गेला आणि राक्षसांच्या हातून मार खाल्ला. तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा. माझ्या कौतुकाचे दिवस म्हणाल तर तेच.

एकदा लढाईच्या ऐन मध्यावर खेळ थांबवला गेला. राक्षसाने उडी मारली होती, तो हवेतच लटकून राहिला. पिशवीत घड्याळ नसतं. आम्ही नुसते थांबलो. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा हेडफोनमध्ये खोकला नव्हता. बाहेरच्या खोलीत पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत होती. मी कप्पा असलो तरी समजायचं ते समजलो.

खेळत होता मावसभाऊ. बिचारा मनाने चांगला. "छोटे, रडू नकोस. दादाचा गेम आपण पूर्ण करू. एकच राक्षस उरलाय," असं म्हणत तो वीराला घेऊन गावातल्या दुकानदारापाशी आला. ती पाणी प्यायला उठली. त्याने मला उघडलं.

"अरे देवा! दादा लढायला निघाला होता की केटरिंगला?"

आणि त्याने बटण दाबलं.

ती परत आली. "बशा कुठायत?"

"विकल्या. बघ आता कसा पळतो!"

वीर खरंच पळत होता. दादाच्या हातात तो कधी इतका पळाला नव्हता.

"त्या मी उचलल्या होत्या," ती म्हणाली. "दादाने ठेवल्या होत्या. परत आण."

"अगं, आता तो दुकानदार दसपट मागतोय."

"मग तलवार वीक."

"वेडी आहेस का? ती मिळवायला दादाची अख्खी सुट्टी गेली!"

"माहितीये. मी शेजारीच बसले होते."

तलवार गेली. चिलखत गेलं. औषधं गेली. शेजारचे कप्पे एकामागून एक ओस पडले. गेमने राजाची अंगठी मात्र विकू दिली नाही. ती किरकोळ नव्हती ना! शेवटी वीर नुसत्या चड्डीवर, पाठीवर संसाराची भांडी घेऊन उभा राहिला आणि लंगडू लागला.

"आता जिंकणार कसं?" मावसभावाने विचारलं.

"नाही जिंकणार," ती म्हणाली, आणि बशा पाहत बसली.

मित्रांनो, एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. कप्प्याला तोंड असतं, आवाज नसतो. परत आलेल्या बशा त्या नव्हत्या. विकलेली वस्तू गेम पुसून टाकतो आणि मागितली की तशीच नवी घडवून देतो. गेम बशा मोजतो, ओळखत नाही. मी ओळखतो. तिने उचललेली आणि दादाने वाहिलेली एकही बशी आता माझ्यात नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, कप्पे जरूर पाडा. त्यावाचून कुणाचं चालत नाही. पण दुसऱ्याची पिशवी आवरताना, ही वस्तू काय कामाची, एवढंच विचारून थांबू नका. ती उचलली कुणी आणि वाहिली कुणी, हेही विचारा. सांगणारं माणूस शेजारच्या खोलीत पाणी पीत असेल, तर ते येईपर्यंत थांबा.