छतावरचे गोल

सकाळी दहा वाजता फिल्मवाल्याने दुकानाचे शटर अर्धे ओढले, आतले दिवे मालवले आणि हातातला एक दिवा माझ्या बॉनेटवर तिरपा धरला. एरवी कधीच लक्षात न आलेले गोल गोल ओरखडे बॉनेटभर उमटले. आई वाकून बघत म्हणाल्या, "अगबाई, हे काय झालंय हिला?"

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. माझ्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायची की नाही, हे ठरवायला मला इथे आणले आहे. मोबाइलच्या काचेवर चिकटवतात तसलाच हा प्रकार, फक्त गाडीच्या मापाचा आणि ताणला जाणारा. रस्त्यावरचे खडे तो स्वतःच्या अंगावर घेतो, ऊन आणि खारी हवाही घेतो. आईंच्या लेकीची बदली समुद्राकाठच्या शहरात झाली आहे. तिच्याबरोबर मीही निघाले आहे. तिथली हवा जुन्या रंगाला चार पावसाळेसुद्धा टिकू देत नाही, असे तिला ऑफिसात कोणीतरी सांगितले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

पण मी सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या रंगाच्या खोलीत धुळीचा कणही शिरू देत नसत. माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची. माझ्यावर आधी राखाडी थर चढला, मग निळा, आणि सगळ्यात वर चकाकीचा, कागदाइतका पातळ. शेवटी एका तपासणी करणाऱ्या बाईने हातमोजा घालून माझ्यावरून तळवा फिरवला, मान डोलावली आणि मला पुढे सोडले. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतले ते घड्याळजींनी. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान इतके अरुंद, की दोन गिऱ्हाइके आत असली की तिसऱ्याने बाहेर थांबायचे. केस पांढरे व्हायला लागल्यावर त्यांनी गाडी घेतली, त्यामुळे कौतुकाला काही मर्यादाच नव्हती. त्यांच्या पत्नीला मी मनातल्या मनात आईच म्हणत आले, कारण मागच्या सीटवरून लेकीची तीच हाक दिवसभर कानावर यायची.

घड्याळजी रोज दुकानात जाण्याआधी मला पुसत. इतर लोक गाडी पुसतात तसे सपासप नाही. घड्याळाची काच पुसायची त्यांच्या हाताला सवय. मऊ फडके बोटाभोवती गुंडाळायचे आणि छोटे छोटे गोल काढत जायचे, एक ओळ संपली की तिच्याखाली दुसरी. आणि सगळे कोरडे. ज्याचा जन्म घड्याळात पाणी शिरू नये म्हणून धडपडण्यात गेला, तो गाडीवर बादली कशी ओतेल? शेजारी पाइप लावून गाडी धुवायचे, तेव्हा घड्याळजी तोंड फिरवून घरात जात.

आई ओट्यावरून टोमणा मारायच्या, "एवढा हात माझ्या पाठीवरून फिरवला असतात, तर कंबरदुखी कधीच पळाली असती."

"तुझ्या पाठीवर धूळ कुठे बसते?" ते वर न बघता म्हणत.

"बसेल कशी? पाठ टेकायला मिळतेय कुठे या घरात!"

ते दिवस फार चांगले होते. शेजारचा वकील माझ्या दारात बघून भांग पाडायचा. लेकीला मी शाळेत सोडले, परीक्षेला नेले, ताप आला तेव्हा दवाखान्यात नेले. मागच्या सीटवर तिचे खोडरबर हरवायचे आणि तिथेच सापडायचे. कुणाचे लग्न ठरले की आमच्या दारी निरोप यायचा, "घड्याळजी, गाडी द्याल ना?" घड्याळजी गाडी द्यायचे, पण चालवायला स्वतः जायचे. जेवणाच्या पंगतीत बसायचे सोडून माझ्याजवळ उभे राहायचे आणि बोटाभोवती फडके गुंडाळायचे.

एका दुपारी ते दुकानातच, डोळ्याला भिंग लावलेले असताना, टेबलावर मान टाकून गेले.

त्यानंतर माझ्यावर कापडी आच्छादन आले. वाऱ्याने त्याची कड हलायची, तेवढीच हालचाल. चाकांतली हवा गेली, एका आरशात कोळ्याने घर केले. आई खिडकीतून रोज एकदा बघत आणि पडदा सारत. मला टाकून दिले म्हणून मी त्यांच्यावर रुसले होते, हे कबूल करते. पुढे लेक गाडी शिकली. तिने आच्छादन काढले, बॅटरी बदलली आणि ती मला ऑफिसला नेऊ लागली. ती मला पाण्याने धुते.

आणि आज हे गोल दिसले.

"काकू, हे पुसण्याचे आहेत," फिल्मवाला म्हणाला. तो गप्पिष्ट आहे, आणि प्रत्येक गाडीला पेशंट म्हणतो. "गाडी कोरडी पुसली की धूळच रंगावर घासली जाते. टाकून दिलेल्या गाड्यांवर हे नसतात. हा पेशंट फार जपलेला आहे."

"म्हणजे हे बाबांनी..." लेकीचे वाक्य अर्धेच राहिले.

"कोणी केलंय माहीत नाही ताई, पण हात एकदम शिस्तीचा. ओळी मोजून घ्या." मग तो कामाकडे वळला. आधी मशीनने पॉलिश करून वरचा थर किंचित घासायचा, म्हणजे गोल निघून जातील. मग फिल्म. "उद्या संध्याकाळी बघा, शोरूममधून आणल्यासारखी देतो."

आईंनी त्याच्या हातातला दिवा घेतला. त्या माझ्याभोवती सावकाश फिरल्या. दारांवर गोल होते, डिकीवर होते. त्यांनी दिवा छतावर धरला. तिथे दोन्ही बाजूंनी आत येणारे गोल मध्येच थांबले होते आणि मधला पट्टा अगदी स्वच्छ होता.

"तिथवर हात पोचला नसेल," फिल्मवाला म्हणाला.

"पोचायचाच नाही," आई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बुटके होते ना. वरच्या फळीवरचा डबा मीच काढून द्यायचे. लोकांसमोर मात्र मी चप्पल सपाट घालायची, असा हुकूम होता."

लेक हसली. आईंनी शेवटच्या गोलावर तळवा ठेवला. इतकी वर्षे मी कुठवर पुसली गेले, ते मलाही त्या क्षणी कळले.

"हे घासायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"आई, अगं ओरखडे आहेत ते! आणि तिकडच्या हवेत अशीच नेली तर वरचा थर सोलून निघेल. मग ना गोल राहतील, ना रंग. मला काय हौस आहे का ते घासून टाकायची?"

"मग न घासता लावा फिल्म."

फिल्मवाल्याने मान खाजवली. "लागते तशीही, स्वच्छ धुऊन घेतली की झालं. पण काकू, फिल्मचा गम या ओरखड्यांमध्ये भरतो. आत राहतील ते, पण दिसणार नाहीत."

"दिसणारच नसतील तर ठेवून काय उपयोग?" लेक म्हणाली.

"आत्तापर्यंत तरी कुठे दिसत होते?" आई म्हणाल्या.

फिल्मवाल्याने उगाचच दिव्याची वायर गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

मग त्याने उरलेली अडचण सांगितली. माझा रंग म्हातारा आहे. आज फिल्म बसेल, पण कधी ना कधी ती बदलावी लागते, आणि काढताना रंग तिला चिकटून आला तर? म्हणून आधी एक लहान तुकडा लावून बघायचा आणि गम धरल्यावर ओढायचा. रंग जागेवर राहिला तर न घासता सगळीकडे फिल्म. रंग सुटून आला, तर या रंगावर फिल्मही नको आणि पॉलिशही. मग दोनच वाटा: सगळा रंग खरवडून नवा द्यायचा, नाहीतर आहे तशी उघडी न्यायची.

"मधे लाव मग तुकडा," आई घाईने म्हणाल्या. "तो पट्टा मोकळाच आहे."

"मधलं काही सांगणार नाही काकू. तिथे कोणी घासलेलंच नाही. जिथे गोल आहेत, तिथेच बघायला हवं."

आई दिवा घेऊन पुन्हा छताच्या कडेने फिरल्या. लेकीने त्यांचा दंड धरला होता. शेवटी त्यांनी स्वतः बोट ठेवले, मागच्या काचेच्या वर. "इथे. इथे त्यांना उन्हं लागायची म्हणून उरकून टाकायचे."

मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. गाडीवर धूळ दिसली तर कोरडे फडके लावू नका. आधी पाणी ओता, मग पुसा. घड्याळ पाण्यापासून जपतात आणि मोटार पाण्याने. जी वस्तू जपायची आहे, तिला काय मानवते ते आधी विचारून घ्या. माझ्या माणसाने ते कधी विचारले नाही. तरीही तो रोज यायचा, आणि त्याच्यामागे जे पुसणे थांबले त्याने माझे जास्त नुकसान झाले, हेही मला सांगायलाच हवे.

फिल्मवाल्याने छतावर तळहाताएवढा तुकडा चिकटवला आणि कडा दाबल्या. लेक ऑफिसला गेली. आई बसने घरी गेल्या. "मी आल्याशिवाय ओढायचा नाही," असे त्या दोनदा बजावून गेल्या. तुकड्याच्या एका कोपऱ्याखाली हवेचा बारीक फुगा राहिला आहे, बाकी तो घट्ट बसला आहे. उद्या सकाळी तो काढायचा आहे.