भरून आलेलं जाळं

शेवंतीने अंगणात दांडीवर टाकलेलं जाळं सकाळी भरून आलं होतं. एकही भोक शिल्लक नव्हतं. कोवळ्या गुलाबी कातडीची चादर तिथे लोंबत होती आणि हाताला कोमट लागत होती.

चूक तिचीच. नवऱ्याच्या, भिवाच्या टाचेची जखम साखरेमुळे काही केल्या भरत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी जखमेवर कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या कवचापासून केलेली पातळ पट्टी लावली होती. पट्टी जंतू मारते, मांस भरून आणते. जखम मिटायच्या आत ती सोलली तर पाय कापावा लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. कापून उरलेला तुकडा टाकायचं शेवंतीच्या जिवावर आलं. जन्मभर जाळी शिवलेली बाई. तिने तो फाटक्या जाळ्याला लावून टाकला. फाटलेली भोकं कुठली आणि विणलेली कुठली, हे त्या बिचाऱ्या तुकड्याला कोण सांगणार?

दुपारपर्यंत कातडी दांडीवरून घरावर चढली आणि खिडक्या मिटल्या, मग मागचं दार. घरातले जंतूही मेले असावेत, कारण आंबोळ्यांचं पीठ आंबेना आणि दही लागेना. शेवंतीच्या टोचलेल्या नाकाचं भोक बुजलं आणि चमकी ताटात पडली.

"बरा झाला," भिवा म्हणाला. "आता लग्नाआधीसारखी दिसतंस."

"गप ऱ्हवा. पाय हलव नकात."

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, घर भरून येतंय."

"छान. आजूबाजूला लाली आहे का?"

तिने भिंतींकडे नीट पाहिलं. "नाही."

"मग काळजी नको," ते म्हणाले, आणि फोनची भोकं मिटली.

पुढचं दार तेवढं माणूस तिरकं होऊन जाईल इतकं उघडं होतं.

"तू भायर जा," भिवा म्हणाला.

"तुमका सोडून खंय जांव?" असं म्हणून ती त्याच्या पायाशी बसली. तिला त्याचा राग आला होता आणि मायाही दाटून आली होती. दार बिनआवाज मिटलं.

घरात उबदार तांबूस उजेड होता. हवा कमी पडू लागली. तेव्हा शेवंतीच्या गालाला वारा लागला, खारा, भरतीच्या वेळचा. तो भिवाच्या टाचेतून येत होता. जखम बडीशेपेच्या दाण्याएवढी उरली होती. साऱ्या घरात आता तेवढीच जागा उघडी होती आणि तीही मिटत होती.

"सोल ती पट्टी," भिवा म्हणाला. "तुका धाप लागता. माझो पाय गेलो तर गेलो."

"गेलो तर गेलो कसो? माका व्हयो तो."

ही जखम मिटावी म्हणून तिने देवाला नारळ बोलला होता. आता मिटू नये म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? तिने पट्टीची कड जराशी बाजूला सारली, सोलली नाही. फट राहावी म्हणून करंगळीचं टोक आत घातलं. नखाच्या कडेने वारा येत राहिला.

"दुखता?" तिने विचारलं.

"नाय. तुझा बोट थंड आसा."

"जरा ऱ्हवा असेच."

दोघंही हलली नाहीत. टाचेचं मांस हलकेच पुढे सरकलं आणि तिच्या नखावर कोवळी कातडी चढू लागली.