बादलीखालचा रूबार्ब

"कसला आवाज येतोय गं?" क्लिफर्डने पलंगावरून विचारलं.

"पाऊस पडतोय," मॅव्हिस म्हणाली.

"मातीत पडलेला पाऊस असा वाजत नाही. रूबार्बवर बादली उलटी घातलीस तू! गेल्या वर्षीच झाकलं होतं त्याला. काढ आधी!"

"राखेची बादली राहिलीय बाहेर. पडून राहा गुमान."

तिने मागच्या दाराने जाऊन बादलीवर पोतं टाकलं. आवाज थांबला.

इंग्लंडात वेकफिल्डजवळच्या काळोख्या शेडांमध्ये क्लिफर्डने उभा जन्म मेणबत्तीच्या उजेडात आंबट देठांचा रूबार्ब काढला होता. उजेड नसला की पानं अन्न तयार करू शकत नाहीत. मूळ आपली साठवलेली साखर खर्चून देठ वर लोटतं. देठ गुलाबी, कोवळे होतात आणि मूळ रिकामं होतं. शेडमध्ये असं मूळ फेकून देत. घरामागचं मूळ मात्र त्याच्या आईच्या परसातलं. एकदा झाकलं की पुढची दोन वर्षं त्याला उघड्यावर विश्रांती द्यायची, हा नियम त्याने कधी मोडला नाही.

उघड्यावरचा रूबार्ब एप्रिलात येतो, झाकलेला त्याआधीच. घरी येणाऱ्या नर्सने दारात कोट चढवताना मॅव्हिसला हळूच सांगितलं होतं, एप्रिलचा भरवसा धरू नका. त्याच आठवड्यात क्लिफर्ड सूप बाजूला सारत म्हणाला होता, "रूबार्ब असता तर दोन घास गेले असते."

मार्चमध्ये एका सकाळी तिने बादली उचलली. देठ बोटाएवढे बारीक होते. चारच घ्यायचे असं ठरवून ती वाकली, पण चारांनी वाटीचा तळही झाकला नसता. एकेक देठ बुडाशी धरून, पिळा देऊन तिने सगळे उपटले आणि बादली पुन्हा पालथी घातली.

"बाजारातून आणला," शिजवलेल्या देठांवर कस्टर्ड ओतून वाटी त्याच्या हातात देत ती म्हणाली.

त्याने पहिला घास डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला.

"बाजारातला?"

"हो."

"धड खोटंही बोलता येत नाही तुला, मॅव्हिस. लग्नाआधीही यायचं नाही."

"आणि तू बडबडतोस किती! कस्टर्ड थंड होतंय."

त्याने वाटी संपवली. फार वेळ लागला. मग चमचा तिच्याकडे देत म्हणाला, "चार देठ तरी ठेवलेस ना त्याला?"

"ठेवले की."

"मग काढ ती बादली. ऊन लागू दे बिचाऱ्याला."

ती बाहेर गेली. बादली उचलून बाजूला ठेवली. ऊन थेट मुळावर पडलं. देठ जिथून निघाले होते तिथल्या खाचा अजून ओल्या होत्या.

"पानं उघडली का गं?" आतून त्याने विचारलं.

पलंगावरून त्याला फक्त आभाळ दिसत होतं.

"उघडतायत," ती म्हणाली. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.