टाळीची जागा

अनिकाने कथक सोडलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या दोन वर्षांत सुनेत्राने तिचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. कधी ऑफिसचं काम निघे, कधी डोकं दुखे. खरं कारण दोघींना ठाऊक होतं. सुनेत्रा पुण्यात तबला शिकलेली. अमेरिकेत, श्रूजबरीच्या घरात तळघरातल्या गालिच्यावर बसून, हाताने ठेका धरून तिनेच मुलीचे पाय तयार केले होते. ते पाय जवळच्या वूस्टरमधल्या मिस रेने यांच्या कृष्णवर्णीय नृत्यमंडळात गेले, हे तिला पाठ फिरवल्यासारखं वाटलं होतं.

त्यातून पहिलं वर्षभर तिथे अनिकाला नाचूही दिलं नव्हतं. मागे उभं राहून इतरांसाठी टाळ्या द्यायच्या, एवढंच काम.

"टाळ्या वाजवायला क्लास लावलाय तुमच्या लेकीने," असं सुनेत्रा तेव्हा नवऱ्याला, प्रसादला म्हणाली होती. अनिका जिन्यात उभी होती.

म्हणून जूनमधल्या महोत्सवाला "ये" असं अनिकाने स्वतःहून म्हटलं, तेव्हा सुनेत्रा हातातली कणीक तशीच धरून थांबली. न्यू इंग्लंडमधली कृष्णवर्णीय नृत्यमंडळं दरवर्षी या महोत्सवासाठी एकत्र येत.

"माझा सोलो आहे. पण आई, परीक्षकासारखी बसणार असशील तर प्लीज नको येऊस."

"आणि मी?" प्रसादने विचारलं.

"बाबा, तू झोपतोसच. यू आर फाइन."

गाडीत प्रसाद एवढंच म्हणाला, "ऑगस्टमध्ये ती अटलांटाला जाणार कॉलेजला. हे बोलावणं परत येणार नाही, सुनेत्रा." आज मुलीला आपण तिच्या बाजूने दिसलोच पाहिजे, हे तिने मनाशी पक्कं केलं.

सभागृह पूर्वी चर्च होतं. तिसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी जांभळी टोपी घातलेली एक वृद्धा बसली होती: मिस अर्नेस्टीन, रेने यांची आई. मागच्या दोन रांगा प्रसादने गोळा केलेल्या मराठी मंडळींनी भरल्या होत्या.

सुरुवातीला सुनेत्रा गोंधळली. तिला माहीत असलेल्या सभागृहांत दाद देण्यालाही एक अदब होती. इथे माणसं मंचाशी उघड बोलत होती. "सांग, बाळा!" "हो, असंच!" कुणी उभं राही, कुणी डोळे पुसत हात उंच करी. मग हार्टफर्डच्या मंडळाने चार उंच स्टूल मांडले. चार तरुण त्यांवर बसले. ज्या उपाहारगृहांत काळ्या माणसांना वाढत नसत, तिथे जाऊन शांतपणे बसून राहिलेल्यांचा तो नाच होता. अदृश्य हात त्यांना ढकलत होते, त्यांच्या डोक्यांवर काहीतरी ओतत होते. अंगं थरथरत होती, पण एकही जण स्टूलवरून उठला नाही. नाच म्हणजे हालचाल अशी सुनेत्राची आजवरची समजूत होती. न हलण्यात एवढं बळ मावतं, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

नंतर मिस रेने माइकपाशी आल्या. "१९५५ साली माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी, जिथे त्यांना उठवून गोऱ्यांना जागा दिली जाई, त्या बसमध्ये चढायचं नाकारलं. वर्षभराहून अधिक काळ ते चालले. आज आमचे ढोल आम्ही घरी ठेवलेत. आमच्या या मुलीला तुम्हीच टाळ्यांनी चालवायचं आहे."

अनिका एकटी पुढे आली. साधा सुती झगा, हातात एक पिशवी. तिने पाऊल टाकलं आणि सभागृहाने टाळी धरली.

सुनेत्राला सम एका क्षणात सापडली. हेच तर तिला येत होतं. पाऊल जिथे पडे, नेमकी तिथे तिने भरघोस टाळी दिली. "सुनेत्रा देतेय म्हणजे तिथेच," मागच्या रांगेतल्या नीलामावशी म्हणाल्या, आणि मागच्या दोन्ही रांगा तिच्यासारखीच टाळी देऊ लागल्या. उरलेलं सभागृह मात्र भलतीकडे टाळी देत होतं. एवढी माणसं बेताल कशी? त्यांना ताळ्यावर आणायला सुनेत्राने टाळी आणखी मोठी केली.

मंचावर अनिकाचे खांदे आक्रसले. एक पाऊल उशिरा पडलं. तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

एक कोरडा, उबदार हात सुनेत्राच्या मनगटावर येऊन थांबला.

"हनी," मिस अर्नेस्टीन कानाशी म्हणाल्या, "तुझ्या मुलीचं पाऊल ऐकू येतंय तुला?"

येत नव्हतं. तिच्याच टाळीखाली ते झाकलं गेलं होतं.

"ती मात्रा तिची. ती तिला दे. मग तू उत्तर दे. त्या वर्षी माँटगोमेरीत माझी आई कामावरून चालत यायची, मी तिचा हात धरून. पुढच्याचं पाऊल ऐकूनच मागचा चालायचा."

सुनेत्राने मागे वळून तळवा दाखवला. रांगा थांबल्या. ती समेवर हात उघडे ठेवून बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ती जागा रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेत टाच पडली. स्वच्छ, एकटी, थकलेली, आणि तरी पुढे जाणारी. लगेच शेकडो हातांनी तिला उत्तर दिलं, आणि त्यांत आता तिचेही होते. पुन्हा टाच, पुन्हा उत्तर. लाकडी जमीन बाकांखालून थरथरत होती. टाळी म्हणजे ताल मोजणं नव्हे, तर मागून कुणीतरी येत असल्याची खात्री देणं, हे तिला हातांतून कळत गेलं. अनिकाचे खांदे सैल झाले. ती चालतच राहिली, आणि सुनेत्राला वाटलं, या चालण्याला शेवट असू नये. शेजारी प्रसाद टक्क जागा होता.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी अनिका आली. कपाळावर घाम, हातात तीच पिशवी.

"आधी चुकले मी," सुनेत्रा म्हणाली.

"आय नो. सगळ्या हॉलला कळलं, आई." ती हसली, मग थांबली. "थांबलीस, तेही ऐकू आलं मला."

सुनेत्राने तिच्या हातातली पिशवी घेतली. ती अपेक्षेपेक्षा जड निघाली. आत खरोखरीचे कपडे होते, दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईने धुऊन, इस्त्री करून न्यावेत तसे.

"टाळ्यांच्या क्लासचं जिन्यात ऐकलं होतंस ना तू, त्या वेळी," ती म्हणाली. "घरी गेल्यावर शिकव मला. मागे उभी राहीन."