सोबतिणीला आलेलं बोलावणं

“तू आत जा गं. धूळ उडतेय, खोकला लागेल,” गिरणीवाली सुनेला म्हणाली.

सुनेला आठवा महिना लागला होता. याच धुळीत बसून ती रोज पिठाचे डबे भरायची, तेव्हा कुणाला तिच्या खोकल्याची काळजी नव्हती. आज रांगेत सोबतीण येऊन उभी राहिली होती, एवढंच काय ते निमित्त. सून गुडघ्यावर हात टेकून उठली, एकदा वळून बघितलं आणि दाराआड गेली. रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्यांच्या गाठी तपासायला लागल्या.

सोबतिणीनं डबा खाली ठेवला. “धूळ कालही होती बाई. सरळ सांग ना, माझ्या नजरेआड केलं म्हणून.”

“सांगायला कशाला लावतेस? चार दिवस झाले, सुताराच्या घरातलं रडणं ऐकतोय आम्ही.”

“मग? ते मी रडवलं?”

“तू होतीस ना तिथं!” गिरणीवाली पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. “सुतारीण सांगते ते काय उगाच? तुझा हात लागला आणि तिच्या सुनेच्या पोटातलं मूल थंड पडलं.”

यावर सोबतिणीकडं उत्तर होतं. अगदी जिभेवर आलेलं उत्तर. पण तिनं ते गिळलं, दाणे तसेच उचलले आणि ती निघाली. वाऱ्याला नुसती आग होती. रस्त्याकडेच्या वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

सोबतीण हे काही तिचं नाव नव्हे, ते तिचं काम. तिची सासू सुईण होती, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पुढं बाळंतपणं तासाभराच्या वाटेवरच्या दवाखान्यात गेली, ते बरंच झालं. पण तिथं एक अडचण होती. डॉक्टर यायचा, बघायचा, जायचा. नर्सबाई एक, खाटा सहा. सासू बाहेर बाकड्यावर, नवरा जीपपाशी येरझाऱ्या घालतोय, आणि आत पोरगी एकटी छताकडं बघत कळा सोसतेय. तिची कंबर कोण चोळणार? घोटभर पाणी कोण पाजणार? “अजून थोडंच राहिलंय, सोड श्वास” असं कोण म्हणणार? सुईणीची सून ते करायला लागली. बाळंतपणाला ती हात लावायची नाही, ते काम डॉक्टरचं. ती पोरीला हात द्यायची. त्यावर घरात धान्य यायचं. बाकीचे महिने ती दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला जायची.

आता हे काम मागायचं कसं? ‘तुझ्या सुनेला दिवस गेलेत, मला ने’ असं कुणाच्या दारात जाऊन म्हणता येत नाही. लोक म्हणतील, हिची पोटावर नजर. म्हणून तिनं स्वतःची रीत बसवली होती. घरात जायचं ते चाळण मागायला, बियाणं विचारायला. पोटाकडं बघायचं नाही, पोरगी उठते-बसते कशी तेवढं बघायचं. एखादी कामाची गोष्ट सांगायची, “डाव्या कुशीवर झोप, गुडघ्यांत उशी घे,” आणि निघायचं. बोलायचं आधी सासूशी. “तुमची जागा मला नको, तुम्ही थकलात तर मी आहे,” एवढंच. मग गप्प बसायचं. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी त्या घरून हाक यायचीच. न आली तर पुन्हा त्या दाराला जायचं नाही.

सुताराच्या घरून मात्र हाक आली ती थेट कळा सुरू झाल्यावर.

जीपमध्ये बसल्या बसल्या सुताराची सून तिच्या कानाशी लागली होती. “मावशी, परवापासून हलत नाहीये ते. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, यायच्या आधी मूल विसावा घेतं.”

सोबतिणीला तेव्हाच कळून चुकलं. दवाखान्यात नर्सबाईनं पोटावर नळी ठेवली, पुन्हा ठेवली, मग डॉक्टरला बोलावलं. ठोके नव्हतेच. पण कळा काही थांबत नाहीत. गेलेलं मूलही जन्माला घालावंच लागतं, आणि त्यात एक कळ कमी होत नाही. नऊ तास सोबतीण त्या पोरीचा हात धरून उभी होती. मुलगा होता. तिनं तो पुसला, फडक्यात गुंडाळला आणि आईला विचारलं, “बघायचाय?” पोरीनं होकाराची मान हलवली. थोडा वेळ तिनं तो तिच्या कुशीत ठेवला.

दोनच दिवसांत सुतारीण गावभर सांगत सुटली, की सोबतिणीचा हात वाईट.

गिरणीवरून ती थेट शिंपिणीकडं गेली. ही तिची जुनी मैत्रीण, एका डोळ्यानं अधू, पण जिभेनं चांगली धडधाकट.

“सांगून टाक की!” मशीन थांबवून शिंपीण म्हणाली. “पोरगी दोन दिवस सांगत होती आणि म्हातारीनं कानावर घेतलं नाही, हे चारचौघींत बोल. बघ कशी तोंड लपवते ती.”

“आणि त्या पोरीनं राहायचं कुठं? त्याच घरात, त्याच चुलीपाशी. नवरा आईचा शब्द खाली पडू देत नाही. माझं नाव धुतलं जाईल गं, पण तिचं काय?”

“मग मर उपाशी. तुला आता कोण बोलावतंय?” शिंपीण जरा थांबली. “नाहीतर असं कर. तिच्या घरी जा. दारात बसून रड चांगली. चार जणींनी बघायला पाहिजे. लोक म्हणतील, मनाची मऊ आहे बिचारी.”

सोबतीण उठली आणि चालू लागली. पण खोटं कशाला बोला, वाटेनं तिच्या डोक्यात तोच विचार होता. आपण गेलेलं कोण कोण बघेल, हे मोजतच ती सुताराच्या आवारात शिरली.

सुतारीण दारातच आडवी आली. “आता कशाला आलीस? आणखी काय न्यायचंय?”

रडायचं ठरवून आलेली सोबतीण रडलीच नाही. आतून कण्हणं ऐकू येत होतं, आणि त्या आवाजानं तिचं सगळं मोजमाप डोक्यातून उडून गेलं. “चौथा दिवस आहे,” ती म्हणाली. “तिला दूध उतरलं असेल. छाती दगड झाली असेल, ताप असेल. तेवढं बघू दे. मग हाकलून दे मला.”

सुतारिणीचा चेहरा एकदम पडला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बाजूला झाली.

आत पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती. समोरून कपडा ओला. सोबतिणीनं माठातल्या पाण्यात फडकी भिजवली, पिळून छातीवर ठेवली, तापली की बदलली. “थोडंसंच पिळून काढ, ठणका कमी होईल एवढंच. जास्त काढलंस तर आणखी येईल,” तिनं शिकवलं.

तिसरं फडकं बदलताना पोरगी बोलली. “मावशी, लोक तुम्हाला बोल लावतात ना? म्हणून आलात?”

सोबतिणीचे हात थांबले. “हो,” ती म्हणाली. “निघाले तेव्हा तेही होतं मनात.”

“आणि आता?”

“आता तुझा ताप उतरला म्हणजे झालं.”

पोरगी तिच्याकडं वळली. “सगळे म्हणतात, तरुण आहेस, दुसरं होईल,” ती म्हणाली. “ह्याचं कुणी विचारत नाही. मावशी, त्याचं नाक कुणासारखं होतं? मला नीट आठवतच नाही.”

“तुझ्यासारखं. टोकाला जरा वर उचललेलं.”

तेव्हा कुठं ती पोरगी मोकळं रडली.

त्यानंतर सोबतीण जात राहिली. कधी कांद्यातून येताना, कधी मुद्दाम. सुतारीण तिच्याशी बोलायची नाही, पण अडवायचीही नाही. कामाचं बोलावणं मात्र कुठूनच येत नव्हतं. वरच्या आळीतल्या एका बाळंतिणीनं वेदनांपायी दवाखाना दणाणून सोडला, पण सोबतिणीला कुणी नेलं नाही. ती दिवसभर खुरपायची आणि संध्याकाळी दुखऱ्या बोटांनी पातळ भाकर थापायची.

महिन्यानंतर सुताराची सून पहिल्यांदा घराबाहेर पडली, ती दळण घेऊन. सोबतीण तिच्या मागंच रांगेत होती. बायकांनी पोरीला पुढं जागा दिली, सोबतीणही मागोमाग सरकली. गिरणीवालीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सांभाळ बाई. आणि संगत बघून कर. ज्या हातानं तुझं वाटोळं झालं, तोच हात पुन्हा घरात घेऊ नये.”

सोबतिणीनं पोरीचं कोपर दाबलं. “गप्प राहा,” ती पुटपुटली. “घरी चल.”

पोरगी गप्प राहिली नाही. आवाजही चढवला नाही तिनं. पण गिरणीवालीच्या नवऱ्यानं पट्टा बंद केला, तेव्हा तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.

“काकू, माझं मूल ह्यांच्या हातानं गेलं नाही. दोन दिवस आधीच ते हलायचं थांबलं होतं. मी आमच्या आत्याबाईंना चारदा सांगितलं. त्या म्हणाल्या, विसावा घेतंय. ह्या मावशींना बोलावलं तेव्हा ते गेलेलंच होतं. नऊ तास ह्यांनी माझा हात सोडला नाही. आत्याबाई बाकड्यावर होत्या, एकदाही आत आल्या नाहीत.” तिला धाप लागली. “हे सगळं ह्यांना ठाऊक होतं. तुम्ही तोंडावर बोललात तरी ह्यांनी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तुम्हीच समजून घ्या.”

दाराआड गिरणीवालीची सून उभी होती, दोन्ही हात पोटावर धरून.

त्याची किंमत पोरीनं मोजली. सुतारिणीनं तिच्याशी बोलणं टाकलं. नवऱ्यानं तिचं अंथरूण कामाच्या पडवीत टाकलं, लाकडाच्या भुशात. “माझ्या आईला गावात तोंड काढायला जागा ठेवली नाहीस,” एवढंच म्हणाला आणि रंधा मारत बसला.

सोबतीण तिला रागावली. “कशाला बोललीस? मी होते की उपाशी राहायला खंबीर.”

“तुमच्यासाठी नाही बोलले,” पोरगी म्हणाली. “ती दाराआडची आहे ना, तिच्यासाठी बोलले. तिचंही ऐकणारं कुणी नाही.”

पुढच्या महिन्यात, भर दुपारी, गिरणीवाली स्वतः सोबतिणीच्या दारात उभी राहिली. अंगावर पीठ तसंच. आत यायला पाय उचलेना. “पाणी गेलंय तिचं,” ती म्हणाली. “तुझंच नाव घेतेय. मी... मागं जे बोलले...”

“मूल हलतंय का?” सोबतिणीनं विचारलं.

“सकाळपासून मी तीनदा विचारलं. हलतंय.”

“मग चल. बाकीचं जीपमध्ये बोल.”

जीपमध्ये कुणीच काही बोललं नाही. दवाखान्यात गिरणीवाली सवयीनं बाकड्यावर बसायला लागली, तेव्हा सोबतिणीनं तिचं मनगट धरलं. “आत ये. ही बाजू तुझी, ती माझी. बोलायला जमलं नाही तर नुसता हात धर.” गिरणीवालीनं सुनेचा हात धरला. पहिल्या मोठ्या कळेला ती सुनेपेक्षा जास्त घाबरली, पण तिनं हात सोडला नाही. दिवस बुडायच्या आत मुलगी झाली.

गिरणीवाली हसत होती, रडत होती, नर्सबाईच्या गळ्यात पडत होती. परत आल्यावर जीपमधून उतरता उतरताच ती शेजारणींना सांगायला लागली, किती ताठ मानेनं सोसलं सुनेनं, डॉक्टर किती चांगला. सोबतिणीचं नावही तिनं घेतलं, शेवटी का होईना. दोघीजणींनी तिथंच सोबतिणीला बाजूला घेऊन आपापल्या लेकीचे महिने सांगितले.

सोबतीण घरी गेली नाही. ही बातमी सुताराच्या सुनेला दुसऱ्या कुणी जाऊन सांगावी, असं तिला वाटेना. सांगायची कशी तेही सुचत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात कुठला शब्द कधी काढायचा हे जिला नेमकं कळत होतं, ती सुताराच्या पडवीपाशी येऊन मुकी उभी राहिली.

पोरगी भुसा गोळा करत होती. तिनं मान वर केली आणि सोबतिणीच्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं.

“झाली?”

“मुलगी. दोघी बऱ्या आहेत.”

“सासू आत होती?”

“शेवटपर्यंत.”

पोरीनं टोपली भरली, उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग तिथंच, पाठ करून, ती किती तरी वेळ उभी राहिली. सोबतीण पुढं झाली नाही. ह्या वेळी हात पुढं करायचा नाही, एवढं तिला उमगलं.

“बरं झालं,” पोरगी अखेर म्हणाली. मागं न बघताच म्हणाली. “मावशी, उद्या येऊ नका. उद्या मला तुमचं तोंड बघवणार नाही. परवा या.”

“बरं,” सोबतीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कांद्यात दिवसभर खुरपलं, कुणाशी न बोलता. तिसऱ्या दिवशी ती गेली.