एकशे बारा अंश

"एकशे बारा!" डॉक्टरबाई मोबाइलकडे बघत म्हणाल्या. "सहा आठवड्यांत एवढा वाकतोय गुडघा? कमाल आहे हं, आजी!"

आमची ही चक्क लाजली. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. ते एकशे बारा अंश माझ्या गुडघ्याचे होते.

हिचा गुडघा बदलला तेव्हा दवाखान्याने व्यायामाचं ॲप दिलं. मोबाइल पट्ट्याने नडगीला बांधायचा आणि पाय दुमडायचा. किती वाकला ते तो मोजणार, आणि आकडा थेट दवाखान्यात न् परगावच्या लेकीला पाठवणार. आकडा कमी आला की लाल खूण, आणि लाल खूण आली की लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही आईकडून नीट करून घेत नाही!" आता काय सांगू तिला? पाय जरा दुमडला की ही अशी कळवळायची, की माझाच जीव खालीवर व्हायचा. "आज राहू द्या हो," म्हणायची. चाळीस वर्षांत हिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी राहू दिलं.

दुपारी हिचा डोळा लागला की मोबाइल स्वतःच्या पायाला बांधू लागलो. बत्तीस वर्षं दारोदार फिरून विजेची मीटरं वाचली मी. दाराला कुलूप असलं तर 'घर बंद' लिहायचो, पण अंदाजे आकडा जन्मात टाकला नाही. आणि म्हातारपणी ही अक्कल! हिरवी खूण आली, लेक खूश झाली. हिला सांगितलं, सकाळी दोनदा वाकवलास तेवढं पुरतं. मग घरी येणारी व्यायामाची बाईसुद्धा म्हणाली, "आकडे छान आहेत, आता माझी गरज नाही." मी तिला जिन्यापर्यंत सोडून आलो.

"घ्या बरं पाय वर," डॉक्टरबाई म्हणाल्या. पाय थोडा वाकला न् अडला. "घाबरता कशाला? घरी तर करताय की!" त्यांनी जोर दिला. ही किंचाळली. त्यांनी पुन्हा हात लावला.

"थांबा!" मी उठलो. "तो आकडा माझ्या पायाचा आहे. सगळेच माझे आहेत."

डॉक्टरबाईंनी हात काढला. मग त्यांनी हिचा गुडघा नीट मोजला. बासष्ट. सांधा आखडला होता. भूल देऊन वाकवावा लागेल, नाहीतर जिना कायमचा सुटला, असं त्या म्हणाल्या. घर आमचं दुसऱ्या मजल्यावर.

बाहेर बाकावर हिने पाय हळूच लांब केला. मग म्हणाली, "लेक शाबासकी द्यायची, ती मला माझीच वाटायची."

"तुझं रडणं बघवत नव्हतं गं."

"मग दुसरीकडे बघायचं होतं. रडले असते मी."

दोन दिवसांनी भूल देऊन गुडघा मोकळा केला. आजच वाकवायला लागा, नाहीतर पुन्हा आखडेल, असं बजावून आम्हाला घरी सोडलं. हिने मोबाइल स्वतःच्या हाताने नडगीला बांधला आणि माझा हात घोट्यावर नेऊन ठेवला.

"मी कितीही ओरडले तरी सोडायचं नाही."

पासष्ट. अडुसष्ट. हिने उशीचं टोक दातांत धरलं. सत्तरला टोक सुटलं.

"अहो, सोडा ना! सोडा!"

माझे डोळे भरून आले. मी सोडलं नाही.